दुपट्ट्याखालची आल्टो

सुमीतनं दुपट्टा उचलला, आणि भर बाजारात कुणाचं धोतर सुटावं तशी आजूबाजूची सगळी तोंडं एकाच वेळी वळली.

दुपट्ट्याखाली काही भलतं नव्हतं. दोन हात होते. एक सुमीतचा, आणि दुसरा रोहण्याच्या दलालाचा, खुशालराव भोयरांचा. खुशालरावांच्या मुठीत सुमीतची दोन बोटं होती. दोन पुरुषांनी हातात हात घेतला तर हल्ली वर्ध्यात कुणी बघत नाही. पण इथे बघण्यासारखं हेच होतं की बघायचं नसतं.

आर्वी नाक्यापुढे कापसाची एक बंद पडलेली जिनिंग आहे. तिच्या आवारात दर रविवारी सकाळी जुन्या गाड्या लागतात. ना पाटी, ना काचेवर किंमत. मोठ्यानं भाव विचारलात तर लोक तुमच्याकडे असे बघतात, जणू लग्नाच्या पंगतीतून उठून तुम्ही आहेराचा आकडा विचारलात. भाव इथे दुपट्ट्याखाली होतो. खुशालराव घेणाऱ्याचा हात आपल्या दुपट्ट्याखाली घेतात, घेणारा त्यांची बोटं दाबतो. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, आधी पंजा आणि मग दोन बोटं म्हणजे सात. सात हजार, सत्तर हजार की सात लाख, ते गाडीच सांगते. असे तीन-चार घेणारे झाले की सगळ्यात वरचा आकडा खुशालराव मालकाच्या हातावर दाबतात. मालकाला पटलं तर तो उलट दाबतो, नाही पटलं तर हात काढून घेतो. कुणी किती लावले ते शेजारच्याला कळत नाही, आणि म्हणूनच जो तो आपल्या मनातला खरा आकडा लावतो.

सुमीत बी.कॉम. झालेला, घरची आल्टो विकायला आलेला. जुन्या गाडीची किंमत सांगणाऱ्या तीन वेबसाइट त्याच्या फोनमध्ये होत्या, पण हे शास्त्र त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. कुणीतरी म्हणालं हात घाल, त्यानं घातला. खुशालरावांचा खरबरीत अंगठा तळव्यावरून फिरला तशा त्याला गुदगुल्या झाल्या आणि मोजदाद चुकली. दोन झाले की सात? विचारता आलं असतं. पण फळ्यावरचं दिसलं नाही तर उठून बघायचं, हे त्याला शाळेनं शिकवलेलं. त्यानं दुपट्टा उचलून बघितलं.

सगळ्यांनीच बघितलं. दोन बोटं. चालती आल्टो वीस हजारांत कुणी मागणार नाही, म्हणजे पंजा आधी दाबून झालेला. म्हणजे सत्तर. ज्याच्या मनात पुढच्या फेरीला ऐंशी होते त्यानं हात खिशात घातले आणि त्याला एक लग्न आठवलं. दुसरा म्हणाला, एकाहत्तर देतो, तेही तुझ्या तोंडाकडे पाहून. आणि ज्यानं सत्तर लावले होते तो हिंगणघाटचा एजंट आपला आकडा चव्हाट्यावर आला म्हणून एक शब्द न बोलता मोटारसायकलला किक मारून गेला.

खुशालरावांनी दुपट्टा झटकला, घडी घातली, खांद्यावर टाकला.

"बाबू, गाडी घरी ने," ते म्हणाले. "तिचा भाव उघडा पडला. आता महिनाभर इथं तिले कोनी हात नाई लावत."

आणि महिनाच तर नव्हता. डिसेंबरची वीस तारीख उलटून गेली होती.

घाई होती स्वरदाला. स्वरदा म्हणजे सुमीतची थोरली बहीण. हिंगणघाटच्या एका कॉलेजात ती दिवाळीनंतर शिकवायला लागली होती. सकाळी साडेसातचा तास, आणि वर्ध्याहून बस. बस वेळेवर आली तर जागा नाही, जागा असली तर बस वेळेवर नाही. दोनदा तास बुडाला होता. तिसऱ्यांदा बुडाला तर जानेवारीपासून तुमचे तास दुसऱ्याला देऊ, असं विभागप्रमुखांनी चहा पाजून सांगितलं होतं. चहा पाजून सांगितलेलं खरं असतं, एवढं स्वरदाला कळत होतं. म्हणून तिनं नवी गाडी घ्यायची ठरवली. बाबांची, म्हणजे कृष्णकांत सरांची, दोन हजार अकराची आल्टो द्यायची आणि वर आपली शिल्लक घालायची. रोज ऐंशी किलोमीटर हायवेनं जायचं तर ही आल्टो पुरी पडणार नाही, हे सरांनी स्वतःच सांगून चावी तिच्या हातात ठेवली होती. मात्र सरांच्या निवृत्तीच्या फंडातला एक रुपयाही घेणार नाही, असं तिनं वर सांगून टाकलेलं. सगळं जुळत होतं, फक्त आल्टोचे नव्वद हजार यायला हवे होते. शोरूमच्या माणसानं टॅबवर चार टिचक्या मारून बासष्ट सांगितले होते. वर्षाअखेरची सूट एकतीस तारखेपर्यंत.

"मी करतो तुझे नव्वद," असं सुमीतनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. तो रविवारी दुपारी घरी आला तेव्हा हात छातीवर नव्हता.

स्वरदानं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, हेच वाईट होतं. ती म्हणाली, "तुला एक काम सांगितलं होतं, हात धरून बसायचं. ते पण जमलं नाही ना तुला?" मग ती बसचं वेळापत्रक काढून बसली.

सोमवारी सकाळी सुमीत आल्टो घेऊन रोहण्याला गेला. माफी मागायला, असं तो घरी सांगून निघाला. खरं म्हणजे गाडी विकून देणारा दुसरा कुठलाच माणूस त्याला माहीत नव्हता.

खुशालरावांचं घर गावाच्या कडेला, शेताला लागून. ते अंगणात वांग्यांचे कट्टे शिवत होते आणि त्यांनी सुमीतकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्यांच्या बायकोनं, कुंताबाईंनी, मात्र पाणी दिलं, चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत नवऱ्याची सगळी कुंडली सांगून टाकली.

माणूस मूळचा बैलांचा दलाल. बापाच्या बोटाला धरून बाजार फिरलेला. बैलाचे दात न बघता नुसत्या चालीवरून वय सांगायचा, आणि दोन महिन्यांच्या आतबाहेर चुकायचा नाही. मग ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि एक दिवस बाजारात बैलांपेक्षा दलाल जास्त झाले. त्या साली खुशालराव आठ दिवस घरी बसले. नवव्या दिवशी गावातल्या एकाला जुनी जीप विकायची होती, तो यांनाच घेऊन गेला. का, तर ह्यांना फसवता येत नाही म्हणून. खुशालरावांनी जीपभोवती तीन चकरा मारल्या, खाली वाकून पाहिलं, आणि ती मागच्या उजव्या पायानं लंगडते असं सांगितलं. मेकॅनिकनं खोललं तर तिथलाच स्प्रिंगचा पाटा तुटलेला. तेव्हापासून गाड्या.

"पन सोता चालवता नाई येत," कुंताबाई म्हणाल्या. "सायकलवरून पडते हा मानूस."

अंगणातून दोरा दातानं तोडल्याचा आवाज आला.

चहा झाल्यावर सुमीतनं माफी मागितली. मागताना त्यानं बहिणीचा तास, बस, विभागप्रमुखांचा चहा, सगळं घातलं. खुशालरावांनी ऐकलं आणि म्हणाले, चाळीस वर्षांत माझ्या हातावरचा दुपट्टा कुणी काढला नव्हता. बैल उधळले, पाऊस आला, एकदा तर मारामारी झाली, पण दुपट्टा नाही निघाला. मधे पडल्या त्या कुंताबाई.

"त्यानं काढला ना? मंग त्या पोरीनं काऊन बसमंदी लोंबकळावं?"

खुशालराव उठले. त्यांनी सुमीतला गाडीपाशी नेलं आणि आधी त्याच्या चपला काढायला लावल्या. सुमीतला वाटलं आता शिक्षा. पण खुशालरावांनी डावी चप्पल उलटी करून पाहिली. टाच झिजलेली. याचा अर्थ, ते म्हणाले, तू टाच खाली टेकवून पाय क्लचवर ठेवून बसतोस, म्हणजे क्लचची प्लेट गेलेली आहे, मला इंजिन उघडायची गरज नाही. मग ते गाडीभोवती फिरले. चटई उचलून खालचं हुंगलं, पाणी कधी शिरलं नव्हतं. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघितलं आणि काट्यावरचे किलोमीटर खरे आहेत म्हणाले. स्टेपनी तेरा वर्षांत एकदाही खाली उतरली नव्हती, हे बोल्टावरच्या मातीवरून सांगितलं. मालक जपणारा आहे, किंवा लांब जात नाही. कृष्णकांत सर दोन्ही होते. मग त्यांनी बोटांची मागची बाजू चारी दारांवरून हळूहळू फिरवली, बैलाच्या पाठीवरून फिरवावी तशी, आणि डाव्या मागच्या दारापाशी थांबले.

"हे कोनं ठोकलं?"

घरी सांगितलेली हकिकत अशी होती की कॉलेजच्या पार्किंगमध्ये कुणीतरी अज्ञात इसमानं ठोकून पोबारा केला. ती सांगायला सुमीतनं तोंड उघडलं, खुशालरावांकडे पाहिलं आणि मिटलं. मग म्हणाला, मी. आपल्याच फाटकाला. रंग मित्राच्या ओळखीनं मारून घेतला.

"रंग बरा मारला," खुशालराव म्हणाले. दोन दिवसांतला त्यांचा पहिला चांगला शब्द.

बैल घेताना त्याला भरलेल्या बंडीला जुंपून चढ चढवून बघतात. आल्टोत वांग्यांचे चार कट्टे गेले, पुढे कुंताबाई बसल्या, मागे कट्ट्यांच्या सांदीत खुशालराव डोळे मिटून बसले आणि सुमीतला शेताकडच्या पाटाच्या चढावर गाडी न्यायला सांगितली. अर्ध्या चढावर थांबव. आता उचल. परत थांबव. परत उचल. गाडी हुंकारली, किंचित मागे सरकली आणि चढली. वर पोचल्यावर खुशालरावांनी डोळे उघडले.

"ऐक. पंच्याऐंशीच्या वर मागशीन तर तू खोटा. पंच्याहत्तरच्या खाली देशीन तर तू येडा."

सुमीत म्हणाला, नव्वद लागतात.

"तुले किती लागते ते गाडीले मालूम नाई, बाबू."

एवढं स्पष्ट त्याला आजवर कुठल्या वेबसाइटनं सांगितलं नव्हतं. तरी त्यानं विचारलं की पंच्याऐंशी तरी देणार कोण, बाजारात तर महिनाभर नाव काढायचं नाही. खुशालरावांनी उतरून पाटाच्या पाण्यात हात धुतले. मग म्हणाले, "माह्या हातात उघडी पडली. आता माह्याच हातानं झाकीन तिले. शोरूम कोठी हाये तुयं?"

मंगळवारी दुपारी, स्वरदाचा तास आटोपल्यावर, चौघं शोरूममध्ये शिरले. वांगी सकाळीच वर्ध्याच्या मंडीत उतरवून कुंताबाई मोकळ्या होत्या. एवढ्या थंडीतही तिथे एसी चालू होता. काचेच्या टेबलामागे मॅनेजर अंकित होता, कोट घातलेला, देवळीकडचा. शेजारच्या सोफ्यावर एक जोडपं आपली जुनी गाडी द्यायला आलेलं, आणि त्यांचे चारही कान या टेबलाकडे लागलेले. अंकितनं टॅब पुढे सरकवला. बासष्ट. त्याच्या वर काही होत नाही, सिस्टीम घेतच नाही, असं त्यानं सोफ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं.

खुशालरावांनी टॅबकडे पाहिलंही नाही. त्यांचा एक नियम होता, बैलांच्या वेळचा. जनावराची एक खोड सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांगायची, मगच भावाचं बोलायचं. त्यांनी घसा साफ केला.

"साहेब, क्लच गेला हाये. अन् डावं मागचं दार ह्या पोट्ट्यानं घरच्या फाटकाले ठोकलं."

स्वरदा हळूच सुमीतकडे वळली. घरात चार वर्षं त्या अज्ञात इसमाला शिव्या देण्याचं काम तिनंच केलं होतं.

मग खुशालरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून टेबलावर, चकचकीत माहितीपत्रकांवर, पसरला. अंकित त्या दुपट्ट्याकडे बघत राहिला. त्याचा आजा बैलवाला असावा, किंवा त्याला नुसतंच सुचलं असावं. मोठ्यानं जो आकडा बोलेल तो सोफ्यावरच्या जोडप्यालाही द्यावा लागणार होता. न बोलता दिलेला आकडा कुणाला ऐकू जात नाही. महिनाअखेर, विकायच्या गाड्या बाकी, आणि हात झाकायला दुपट्टा आयता समोर. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कोटाची बाही वर सारली आणि हात आत घातला.

बराच वेळ काहीच घडलं नाही. म्हणजे दुपट्टा हलत होता, आणि अंकितच्या कपाळावर एसीला न जुमानता घाम येत होता. सोफ्यावरचा गृहस्थ अर्धा उठला आणि बायकोनं ओढल्यावर बसला.

खुशालरावांनी हात काढला. आता हा आकडा मालकाच्या हातावर दाबायचा होता. मालक स्वरदा. आणि खुशालराव तिथेच अडकले. चाळीस वर्षांत दुपट्ट्याखाली त्यांनी बाईमाणसाचा हात घेतला नव्हता, बाजारात कधी बाई मालक म्हणून उभीच राहिली नव्हती. ते स्वरदाकडे बघेनात, दुपट्ट्याकडे बघू लागले. सुमीतनं मदत म्हणून हात पुढे केला. तिघांनी मिळून त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो मागे घेतला.

कुंताबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातावर दुपट्टा टाकला आणि त्याखाली आपला हात सरकवला.

"दाबा," त्या म्हणाल्या.

"तुले कसं येते हे?"

"तीस वर्षं झोपेत माह्या हातावर बैलं इकता तुमी. येनार नाई तं काय?"

खुशालराव लाजले. एवढ्या वयाचा माणूस शोरूममध्ये लाजलेला सुमीतनं पहिल्यांदा पाहिला. त्यांनी दाबलं, कुंताबाईंनी तो आकडा घेतला, बाकावर स्वरदाच्या शेजारी बसल्या, आणि दुपट्ट्याखाली तिला आधी बोटांची बाराखडी शिकवली, मग आकडा सांगितला. स्वरदा हुशार. दोन मिनिटांत तिनं उलट बोटं दाबली. कुंताबाई नवऱ्याकडे, नवरा अंकितकडे, अंकितचा सुस्कारा, परत सगळं उलट. सुमीतला तीन हात लांब, नव्या गाडीच्या बॉनेटपाशी उभं केलेलं. तो बॉनेट बघत असल्यासारखं करत होता.

तिसऱ्या फेरीत स्वरदानं हात लगेच सोडला नाही. तिनं डोळे मिटले. ओठांची थोडी हालचाल झाली, काहीतरी वजा केल्यासारखी. मग तिनं दाबलं. कुंताबाईंनी मान हलवली आणि दुपट्टा झटकून नवऱ्याच्या खांद्यावर टाकला. झालं होतं.

स्वरदानं अंकितकडून नव्या गाडीचा कागद मागून घेतला आणि पेन काढलं. सीट कव्हर, काट. मॅट, काट. दारावरची चमकती पट्टी, काट. गाणी वाजवणारा मोठा पडदा, काट. हिंगणघाटपर्यंत मी माझंच गाणं म्हणेन. चार ओळी काटल्यावर तिनं बेरीज केली, परत केली, आणि सही ठोकली. ताबा एकतीसला सकाळी.

"किती दिले?" सुमीतनं विचारलं.

"जमलं," स्वरदा म्हणाली.

त्यानं पावती पाहिली. पावतीवर जुन्या गाडीचे बासष्टच होते. खाली 'इतर सवलती' नावाचा एक रकाना होता, त्यात पाच वेगवेगळ्या सवलती एकत्र कोंबलेल्या, आणि त्यातली आल्टोची कोणती ते देवाला आणि अंकितलाच ठाऊक. खुशालरावांना विचारलं तर ते म्हणाले, मालकानं सांगितलं नाही तर मी कोण सांगणारा. दलालीचे पाचशे त्यांनी स्वरदाकडून तिथेच घेतले, कपाळाला लावले आणि खिशात ठेवले.

स्वरदा विम्याचे कागद भरायला थांबली. बाकी तिघं बाहेर आले तेव्हा सुमीतच्या लक्षात आलं की आता आपल्याकडे गाडी नाही. आल्टो शोरूमच्या मागे उभी, चावी टेबलावर. रोहण्याची बस चारला. तो ऐटीत रस्त्यावर गेला, ऑटो थांबवला आणि दोघांना स्टँडपर्यंत सोडतो म्हणाला. वाटेत खुशालरावांनी शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांचे भाव सांगितले, आणि ऑटोचाही सांगितला, त्यामुळे ऑटोवाला जरा नाराज झाला. स्टँडवर उतरल्यावर साठ रुपये झाले. सुमीतनं फोन काढला. ऑटोवाला म्हणाला, आपल्याकडे ते नाही, आपण रोखीचं काम करतो. सुमीतच्या खिशात रोख म्हणून जे होतं ते म्हणजे आल्टोची पीयूसी.

कुंताबाईंनी पिशवीतून वांग्यांच्या पैशांची पुरचुंडी सोडली, तीन विसाच्या नोटा काढून ऑटोवाल्याला दिल्या आणि पुरचुंडी परत बांधली. सुमीत म्हणाला, नंबर द्या, आत्ता पाठवतो. खुशालरावांनी आपला फोन दाखवला. त्यात फक्त फोन करता येत होता.

"रोहन्याले येजो अन् देजो," कुंताबाई म्हणाल्या. "सुट्टे आनजो."

रविवारी येतो, असं सुमीतनं सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं होतं.

जानेवारीचा पहिला तास स्वरदानं वेळेवर घेतला, आणि त्यानंतरचेही. विभागप्रमुखांनी पुन्हा चहा पाजलेला नाही. आल्टो कितीला गेली ते घरात अजून तिच्याशिवाय कुणाला कळलेलं नाही. कृष्णकांत सरांनी एकदा विचारलं, तर तिनं त्यांच्या हातावरून पेपर पसरला आणि खाली बोटं दाबली, आणि सर खूश होऊन हसत राहिले, समजलं मात्र त्यांनाही काही नाही. नवी गाडी सोमवार ते शनिवार हिंगणघाटला असते. रविवारी स्वरदा तिला धुते आणि सुमीतला बादली आणायला लावते, त्यामुळे पहिला रविवार गेला. दुसऱ्या रविवारी मित्राचा साखरपुडा निघाला. तिसऱ्या रविवारी तो स्टँडवर जाऊनही आला, पण रोहण्याची बस नुकतीच सुटली होती, आणि पुढच्या बसला दोन तास होते.

मधल्या काळात वर्ध्याच्या मंडीतल्या एका भाजीवाल्यानं त्याला थांबवून निरोप दिला, की रोहण्याच्या कुंताबाई विचारत होत्या, तो पोरगा बरा आहे ना. पैशांचं काही बोलल्या नाहीत. सुमीतनं त्याच्याच हाती साठ रुपये पाठवावे म्हणून खिसा चाचपला. खिशात फोन होता.